मौन मान्य, उच्चार अमान्य!

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाचा महत्त्वाचा भाग रद्दबातल ठरवला आणि दोन सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर या कलमाला स्थानच उरले नाही. मेकॉलेच्या परंपरेतून १८६० साली या देशावर लादला गेलेला व्हिक्टोरियन नीतिमत्तेचा एक अवशेष अशा रीतीने इतिहासजमा झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला. समाजाच्या दृष्टीने तो आता कुठे सुरू झाला आहे.

ठाण्याहून निघालेली धीमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशी स्थानके घेत कल्याणला पोहोचते. जेमतेम वीस किलोमीटरचे हे अंतर. पण या अंतरात किती भिन्न समाजविश्वे नांदतात! नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा महाराष्ट्राला देणारी डोंबिवली याच मार्गावर, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या मुस्लिम कुटुंबांमुळे झपाट्याने विस्तारलेले मुंब्रा-कौसा याच मार्गावर, आणि पिढ्यान्पिढ्या खाडीकाठी राहणारे, घरात मराठीची बोली बोलणारे कोकणी मुसलमान ज्या गावात आहेत ते जुने कल्याणही याच मार्गावर. या सर्व वस्त्यांतील तरुण एकाच डब्यात लोंबकळतात, एकाच प्रकारच्या कोचिंग क्लासला जातात, एकच चित्रपट पाहतात. नोकरी, क्रिकेट, महागाई या विषयांवरील त्यांची मते फारशी वेगळी नसतात. मात्र समलैंगिकतेचा विषय निघाला, की मुस्लिम तरुणाच्या उत्तरात एक वेगळा स्वर उमटतो. ते उत्तर त्याचे एकट्याचे नसते. त्याच्या पाठीशी धर्म उभा असतो.

या वेगळेपणाची दोन तयार स्पष्टीकरणे बाजारात उपलब्ध आहेत. 'मुसलमान कट्टरच असायचा' हे एक. 'असा प्रश्न विचारणे हाच मुस्लिमद्वेष' हे दुसरे. पहिले आळशी आहे, दुसरे भित्रे आहे. धर्मश्रद्धा तरुण मनाला नेमके कसे घडवते, हे दोन्हींतून कळत नाही.

शास्त्र काय सांगते?

कुराणात लूत पैगंबराच्या लोकांची कथा एकाहून अधिक सुरांमध्ये येते. स्त्रियांना सोडून पुरुषांकडे वासनेने जाणारा तो जनसमूह ईश्वरी कोपाने नष्ट झाला, असा त्या कथेचा आशय. समलिंगी पुरुषसंबंधांसाठी इस्लामी शास्त्रात रूढ झालेला 'लिवात' हा शब्दही याच नावावरून आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कृत्यासाठी ठरावीक शिक्षा कुराण नाव घेऊन सांगत नाही. शिक्षांचा विस्तार पुढे हदीस आणि फिकह, म्हणजे धर्मविधी, यांमध्ये झाला, आणि तिथे धर्मपंडितांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते या कृत्याला 'हद्द', म्हणजे शास्त्राने नेमून दिलेली अपरिवर्तनीय शिक्षा, लागू होत नाही. शिक्षा काझीच्या विवेकावर सोपवावी. त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांनी मात्र त्याला व्यभिचाराच्या बरोबरीला बसवले. शाफई परंपरेचा कलही त्याच बाजूला आहे.

हा केवळ ग्रंथालयातील वाद नव्हे. कल्याण-भिवंडी पट्ट्यातील कोकणी मुसलमान परंपरेने शाफई पंथाचे, तर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यांच्यातही बरेलवी, देवबंदी असे भेद. म्हणजे ज्याला बाहेरचा माणूस 'मुस्लिम वस्ती' म्हणून एका शब्दात उरकतो, तिथे धर्मशास्त्राचे अनेक प्रवाह शेजारी-शेजारी वाहतात. पण शिक्षा कोणती, यावर मतभेद असले, तरी कृत्य निषिद्ध आहे, यावर मात्र या सर्व पारंपरिक प्रवाहांचे एकमत आहे. मुस्लिम तरुणाचे या विषयावरील पहिले वाक्य तिथून येते, आणि बहुतेकदा तेच शेवटचे ठरते.

श्रीमलंगगडाची साक्ष

तरीही ग्रंथातील इस्लाम आणि जगण्यातील इस्लाम यांत अंतर पडते. त्याची साक्ष कल्याणजवळच मिळते. श्रीमलंगगडावर हिंदू मच्छिंद्रनाथांची समाधी पाहतात, मुसलमान हाजी मलंगांची कबर. तेथील वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे परंपरेने चालत आली. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत तृतीयपंथीयांची उपस्थिती फार मोठी असते. ज्यांना घराने हाकलले, गावाने टाकले, त्यांना या गडावर मान मिळतो. गडाच्या मालकीचा वाद जुना आहे आणि तो आपल्या मार्गाने सुटेल. परंतु लोकश्रद्धेने वेगळ्या देहमनाच्या माणसांना इथे जागा दिली, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. ती जागा मुख्यत्वे या भूमीच्या स्वभावातून आली, शुद्धतावादी धर्मोपदेशातून नव्हे. म्हणून तर दर्ग्यावर जाणेच धर्मबाह्य मानणारे प्रचारक अशा स्थळांवर टीका करतात.

अर्थात, या सहिष्णुतेलाही मर्यादा आहे. तृतीयपंथीयाला समाजाने एक ठरलेली भूमिका दिली आहे. तो वेगळा दिसतो, वेगळा राहतो, घराच्या चौकटीबाहेर उभा असतो. त्याच्यामुळे घराला धक्का पोहोचत नाही. इराणमध्ये आयातुल्ला खोमेनींच्या फतव्याने लिंगपरिवर्तन शस्त्रक्रियेला मान्यता मिळाली आणि त्याच देशात समलिंगी संबंधांना देहदंडाची तरतूद राहिली, यातील विसंगतीचे उत्तर इथे आहे. पाकिस्तानच्या संसदेने २०१८ मध्ये तृतीयपंथीयांच्या संरक्षणाचा कायदा केला. मे २०२३ मध्ये तेथील संघीय शरियत न्यायालयाने त्यातील महत्त्वाच्या तरतुदी इस्लामविरोधी ठरवल्या. स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार व्यक्तीला मिळाला, की समलैंगिकतेला मागचे दार उघडेल, हे त्या विरोधामागचे भय होते. चौकटीबाहेरचा चालतो, चौकटीत राहून 'मी असा आहे' म्हणणारा चालत नाही.

पाप आणि कुफ्र

येथे या प्रश्नाच्या गाभ्याशी यावे लागते. इस्लामी धर्मशास्त्र पाप करणारा आणि पापाला पाप न मानणारा यांत मूलभूत फरक करते. मद्यपान करणारा मुसलमान गुनाहगार ठरतो. पण तो मुसलमान राहतो, त्याच्यासाठी तौबेचे, पश्चात्तापाचे, दार उघडे असते. मद्यपान धर्माला मान्यच आहे असे प्रतिपादन करणारा मात्र हरामाला हलाल ठरवतो, आणि ते कुफ्र होय, असे उलेमा मानतात. त्याच्या जोडीला पर्दापोशीची शिकवण आहे. स्वतःचे पाप चव्हाट्यावर मांडू नये, दुसऱ्याचेही उघडे पाडू नये. अल्लाहने झाकले ते माणसाने उघडू नये.

या दोन तत्त्वांचा एकत्रित परिणाम फार खोल आहे. मुंब्र्यातील एखाद्या तरुणाला आपला मित्र समलिंगी असल्याचे कळले, तर तो त्याला टाकेलच असे नाही. तो त्याचे गुपित राखेल, प्रसंगी त्याच्यासाठी खोटेही बोलेल, आणि तसे करताना आपण धर्माविरुद्ध वागतो असे त्याला वाटणार नाही. पण त्याच तरुणाला चारचौघांत विचारले, की 'यात वाईट काय?', तर तो ताठर होईल. कारण प्रश्न आता मित्राच्या वर्तनाचा उरत नाही, त्याच्या स्वतःच्या इमानाचा होतो. 'यात गैर नाही' एवढे तीन शब्द उच्चारले, तर तो स्वतःच्या दृष्टीने धर्माच्या उंबरठ्याबाहेर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा दुटप्पीपणा वाटतो. वस्तुतः तो श्रद्धेच्या तर्काशी पूर्ण सुसंगत आहे. मौन मान्य आहे. उच्चार अमान्य आहे.

उच्चाराची किंमत काय पडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. बांगलादेशात २०१४ पासून 'रूपबान' हे समलैंगिकांचे नियतकालिक काढणारे झुल्हाझ मन्नान आणि त्यांचे सहकारी मेहबूब रब्बी तनय यांची २५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यात घरात घुसून हत्या करण्यात आली. मुहसिन हेंड्रिक्स हे दक्षिण आफ्रिकेतील इमाम. कराचीत धर्मशिक्षण घेतलेले, विवाहित, मुलाबाळांचे वडील. १९९६ मध्ये त्यांनी आपली समलैंगिकता जाहीर केली आणि पुढे केपटाऊनमध्ये सर्वांना प्रवेश देणारी मशीद चालवली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मन्नान बंद खोलीत जगत राहिले असते आणि हेंड्रिक्स मौन पाळून नमाज पढवत राहिले असते, तर ही नावे जगाला कळलीही नसती. दोघांनीही झाकलेले उघड केले, त्याला नाव दिले, छापले, मिंबरावरून सांगितले. त्यानंतर त्यांच्या वाट्याला गोळी आणि कोयता आला.

निकाह नावाचा उपचार

मौनाची ही व्यवस्था वरवर सोयीची दिसते. पण तिची किंमत कोणी तरी मोजतच असते. बहुतेकदा ती किंमत एक मुलगी मोजते.

इस्लाममध्ये विवाहाला धर्मकर्तव्याचे मोठे स्थान आहे आणि आजन्म ब्रह्मचर्याला प्रतिष्ठा नाही. हिंदू परंपरेत लग्न न करणाऱ्या पुरुषाला संन्यासाचा, व्रतस्थ समाजकार्याचा सन्माननीय मार्ग उपलब्ध असतो. त्याला कोणी कारण विचारत नाही. भारतातील समलैंगिकांच्या चळवळीचे एक प्रवर्तक, 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये सुरू करणारे पत्रकार अशोक राव कवी हे तारुण्यात रामकृष्ण मठात संन्यासाच्या वाटेवर होते, हा योगायोग नव्हे. मुस्लिम तरुणापुढे अशी पळवाट नाही. त्याने आईजवळ मन मोकळे केलेच, तर रोजे धर, नमाज नियमित कर, आणि निकाह कर, असा सल्ला मिळण्याचीच शक्यता अधिक. प्रवृत्ती ही परीक्षा आहे, निकाह हा तिच्यावरचा उपाय आहे, अशी ही प्रामाणिक समजूत.

या उपचारासाठी जी मुलगी घरात आणली जाते, तिला रोगाचे नावही सांगितलेले नसते. तिच्या वाट्याला येते कोरडे सहजीवन, मूल होत नाही म्हणून ऐकावे लागणारे टोमणे, आणि दोष आपल्यातच असावा ही कायमची शंका. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीची नपुंसकता, तसेच तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य न पाळणे, ही घटस्फोटाची कारणे दिली आहेत. पतीच्या समलैंगिकतेचा उल्लेख त्यात नाही. आणि ज्याचा उच्चारच निषिद्ध, ते ती न्यायालयात कशी सांगणार? ज्या समाजात तलाकचा अधिकार पुरुषाच्या जिभेवर राहिला, त्या समाजात हे मौन तिच्यावरच उलटते.

तथापि, डोंबिवलीच्या चाळीत वा पुण्याच्या पेठेत असे घडत नाही, असा आव हिंदू वाचकाने आणू नये. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' हे वाक्य मराठी घरांतही सर्रास ऐकू येते. हिंदू विवाह कायद्यातही या कारणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. 'लोकनीती-सीएसडीएस'ने २०१६ मध्ये देशभरातील १५ ते ३४ वयोगटातील तरुणांची जी पाहणी केली, तिच्यात सर्व धर्मांचे मिळून दहापैकी सहा तरुणांनी समलिंगी संबंध अयोग्य ठरवले होते. फरक आहे तो अडसराच्या स्वरूपात. हिंदू तरुणापुढे 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न असतो. मुस्लिम तरुणापुढे त्याखेरीज 'अल्लाह काय म्हणेल' हाही प्रश्न असतो. लोक बदलतात. मनुस्मृतीतही या कृत्यांसाठी प्रायश्चित्ते आणि दंड सांगितले आहेत, पण त्यांच्या आधारे आज कोणी न्याय मागत नाही. स्मृती बदलायच्या असतात, हे हिंदू समाजाने स्वीकारले. जानेवारी २०२३ मध्ये 'पाञ्चजन्य' आणि 'ऑर्गनायझर' यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी महाभारतातील हंस आणि डिंभक या जरासंधाच्या सेनापतींचा दाखला देऊन, असे लोक समाजात पूर्वापार आहेत आणि त्यांनाही समाजाचा भाग म्हणून जगता यावे, अशी भूमिका मांडली. त्या भूमिकेवर मतभेद झाले, चर्चा झाली. ती मांडण्यासाठी कोणाला धर्माबाहेर जावे लागले नाही.

परदेशातील आरसा

मग मुस्लिम तरुणाची वृत्ती अपरिवर्तनीय आहे काय? आकडे तसे सांगत नाहीत. 'गॅलप'ने २००९ मध्ये युरोपातील मुसलमानांची पाहणी केली. समलैंगिक वर्तन नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण फ्रान्समध्ये ३५ टक्के, जर्मनीत १९ टक्के आणि ब्रिटनमध्ये शून्य टक्के निघाले. कुराण तेच, हदीस तीच. मग फरक कशाचा? अमेरिकेतील 'प्यू' संशोधन संस्थेच्या पाहण्यांनुसार, समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असे म्हणणारे अमेरिकी मुसलमान २००७ मध्ये २७ टक्के होते, २०१७ मध्ये ५२ टक्के झाले. एका दशकात असा बदल होतो, तेव्हा तो ग्रंथ बदलल्यामुळे झालेला नसतो.

ब्रिटनची कहाणी याच्या उलट. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कफिल्ड शाळेसमोर मुस्लिम पालकांनी आठवड्यामागून आठवडे निदर्शने केली. कारण शाळेत समलिंगी कुटुंबांचाही आदर करायला शिकवले जात होते. बहुसांस्कृतिकतेच्या नावाखाली वेगळ्या वस्त्या आणि वेगळे धर्मपुढारी यांना तिथे दशकानुदशके मान्यता मिळाली. माणूस आधी नागरिक मानला जातो की आधी एका जमातीचा सभासद, यावर धर्मश्रद्धेचे टोक किती बोथट होईल हे बरेचसे अवलंबून असते, असा निष्कर्ष यातून निघतो. दंगलींनंतर फुगत गेलेले मुंब्रा भारताला ज्या दिशेने नेऊ शकते, त्याचा इशाराही त्यात आहे.

सोयीस्कर शांतता

या देशातील पुरोगामी मंडळींकडून या प्रश्नावर प्रामाणिक भूमिकेची अपेक्षा होती. २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत ज्योतिषी सुरेशकुमार कौशल आणि काही ख्रिस्ती संघटना यांच्याबरोबर अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी ३७७ वे कलम पुनरुज्जीवित झाले, तेव्हा टीकेचा भडिमार कोणावर झाला आणि बोर्डाला किती जणांनी जाब विचारला, हे आठवून पाहावे. १ फेब्रुवारी २०२० रोजी आझाद मैदानावर समलिंगी हक्कांसाठी भरलेल्या मेळाव्यात शरजील इमामच्या समर्थनाच्या घोषणा झाल्या आणि त्यावरून पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. राजकीय मैत्री सिद्ध करण्याची एवढी घाई. परंतु मुंब्र्यातील समलिंगी मुलाच्या वतीने उलेमांना एक प्रश्न विचारण्याची निकड मात्र कोणाला वाटत नाही. अल्पसंख्य समाजातील अल्पसंख्याला वाऱ्यावर सोडणे, याला धर्मनिरपेक्षता म्हणत नाहीत.

त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की समलिंगी विवाहाच्या खटल्यात जमियत उलेमा-ए-हिंद, केंद्र सरकार आणि हिंदू संघटना यांचा विरोध एकाच दिशेने होता, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशा विवाहांना मान्यता देणे नाकारले. विवाहसंस्थेचे स्वरूप काय असावे, यावर या देशात दीर्घकाळ वाद चालेल आणि चालावा. पण लग्नाची मान्यता हा एक प्रश्न आहे. आणि आपल्या घरात, आपल्या गल्लीत भयमुक्त जगणे हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर वादाला जागा नाही. ते २०१८ मध्ये संविधानानुसार ठरले आहे.

दलवाईंची वाट

चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मोर्चा सातच जणींचा होता. तोंडी तलाकविरुद्ध बोलणे म्हणजे धर्माविरुद्ध बोलणे, असे तेव्हाही सांगितले गेले. दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, उपेक्षा आणि विरोध सोसला, आणि १९७७ मध्ये अवघ्या चव्वेचाळीसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तोंडी तलाक अवैध ठरवला. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. आज तो विषय काढणाऱ्या मुस्लिम स्त्रीला कोणी सहजी धर्मबाह्य ठरवू शकत नाही. उच्चारावरील बंदी अशी उठते. आधी सात जणी बोलतात, मग न्यायालय बोलते, मग समाजाला बोलावेच लागते.

समलैंगिकतेच्या बाबतीत न्यायालय आधी बोलून गेले आहे. सात जणींचा मोर्चा अजून निघायचा आहे. मुंब्र्यात बदलाची ताकद नाही, असे नव्हे. तेथे २०१२ पासून 'परचम' या संस्थेच्या पुढाकाराने मुली मैदानात उतरून फुटबॉल खेळत आहेत. मुलींनी मैदानात खेळणे हेही तेथील अनेकांना एके काळी अशक्य वाटत होते. इतिहासकार सलीम किदवई यांनी रूथ वनिता यांच्यासह २००० मध्ये भारतीय साहित्यातील समलिंगी प्रेमाच्या परंपरेचा ग्रंथ संपादित केला आणि त्यात फारसी-उर्दू परंपरेचा वारसा स्वतः मुसलमान असून निर्भयपणे मांडला. तो वारसा मुस्लिम तरुणांचाच आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मधल्या वाटेवर दोन पहारेकरी उभे आहेत: एक फतव्याचा आणि दुसरा मतपेटीचा.

श्रद्धा सोडा, असे कोणी कोणाला सांगण्याचे कारण नाही. एखाद्या मौलानाने हे पाप आहे असे मशिदीत सांगितले, तर तो त्याचा धार्मिक अधिकार आहे. परंतु 'हे पाप नाही' असे म्हणणाऱ्या मुसलमानाला जमातीतून, घरातून वा जीवनातून उठवण्याचा अधिकार कोणत्याही धर्मपीठाला या प्रजासत्ताकात नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातील एखादा तरुण उद्या घर सोडून पोलीस ठाण्याच्या पायरीवर आला, किंवा निकाहात फसवली गेलेली एखादी मुलगी वकिलाच्या दारात उभी राहिली, तर तिचा वा त्याचा धर्म न पाहता संरक्षण मिळाले पाहिजे. 'तो तुमच्या समाजाचा आतला मामला आहे' हे उत्तर तिथे कोणी देता कामा नये, आणि शेजारच्या हिंदूने तर मुळीच देऊ नये. मौनाची सवय झालेल्या माणसाला बोलते करायचे असेल, तर बोलल्यानंतर आपण एकटे पडणार नाही, एवढी खात्री त्याला आधी द्यावी लागते.